पाऊस आहे म्हणूनच : एका घरातल्या ऐकण्याचा प्रकरण अभ्यास

मराठीत 'ऐकणे' या एकाच क्रियापदावर दोन कामं पडली आहेत. समोरचा काय म्हणतोय ते समजून घेणं हे एक, आणि तो म्हणतो तसं वागणं हे दुसरं. 'पोरगं माझं ऐकत नाही' ही तक्रार कानाची नसते. 'तो आईचं ऐकतो' हे वाक्य तर टोमणा म्हणूनच वापरलं जातं. घरातली कितीतरी भांडणं या दोन अर्थांच्या मध्ये अडकतात. ऐकून घेतलं तर कबूल केल्यासारखं होईल, या धास्तीने माणूस पुरतं ऐकायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. पुढचं प्रकरण या धास्तीचं आहे.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. समुपदेशनात आणि कानाच्या तपासणीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून मांडल्या आहेत. ही कुठल्याही खऱ्या कुटुंबाची नोंद नाही.

घर आणि तक्रार

डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. आई ७४ वर्षांची. मुलगा ४६ वर्षांचा, रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारा. सून ४२ वर्षांची, सकाळी आणि संध्याकाळी घरीच शिकवण्या घेते. नातू नववीत. वडील गेल्या वर्षी ज्येष्ठात गेले. गुहागर तालुक्यातल्या गावी दोघंच राहत होते, त्यामुळे तेराव्यानंतर मुलाने आईला डोंबिवलीला आणलं आणि गावच्या घराला कुलूप लागलं. यंदा ज्येष्ठात वर्षश्राद्ध डोंबिवलीतच झालं. त्यानंतर आषाढ सुरू झाल्यापासून आई जवळजवळ रोज एकच वाक्य म्हणते : "मला गावी सोडून ये."

मुलाचं म्हणणं, "शंभर वेळा समजावलं, पण ती ऐकतच नाही." आईचं म्हणणं, "माझं कुणी ऐकत नाही." दोघांची तक्रार शब्दाला शब्द तीच आहे, आणि दोघांच्याही बाजूने ती खरी आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. वृद्ध माणूस रोज तेच वाक्य बोलत असेल तर त्यामागे स्मृतिभ्रंश किंवा नैराश्यही असू शकतं, आणि तिथे नुसत्या ऐकण्याने भागत नाही. आपण कुठे आहोत, तिथी-वार कोणता, कोण जिवंत आहे याचा गोंधळ होतो का, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली आहे का, ज्या गोष्टींत जीव रमायचा त्यांतला रस गेला आहे का, हे विचारावं. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जावं. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विनामूल्य बोलता येतं. या प्रकरणातली आई आपल्या मधुमेहाच्या गोळ्या स्वतः घेते, एकादशी कधी ते तिला कॅलेंडर न बघता ठाऊक असतं, पेन्शन किती जमा झाली हे ती नातवाकडून पासबुकावर बघून घेते. विसरते म्हणून ती तेच तेच बोलत नाही. उत्तर मिळालेलं नाही म्हणून बोलते.

एक संध्याकाळ, जवळून

वेळ रात्री आठ-वीस. मुलगा नुकताच आला आहे. बूट काढता काढता फोन बघतोय. हॉलमध्ये टीव्ही चालू, स्वयंपाकघरात कुकर आणि एक्झॉस्ट फॅन. आई खिडकीजवळच्या दिवाणावर, मुलापासून चार मीटरवर.

आई : मला एकदा गावी सोडून ये.
मुलगा : आता कुठे? पाऊस आहे.
आई : पाऊस आहे म्हणूनच म्हणते.
मुलगा : अगं, तिथे कोण आहे तुझं? रात्री-अपरात्री काही झालं तर?
आई : इतकी वर्षं काय झालं?
मुलगा : तेव्हा बाबा होते.
(आई गप्प.)
सून, आतून : आई, इथे काही कमी पडतंय का तुम्हाला?
आई : मी कुठे काय म्हटलं?
मुलगा : झालं! आता रुसू नकोस.

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा संवाद. यात कुणी वाईट वागलेलं नाही. मुलाची काळजी खरी आहे आणि सुनेचा प्रश्नही मनापासूनचा आहे. तरीही तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत.

तिसरं वाक्य पुन्हा वाचा : "पाऊस आहे *म्हणूनच* म्हणते." मुलाने पाऊस हे न जाण्याचं कारण म्हणून पुढे केलं. आईने तोच पाऊस जाण्याचं कारण म्हणून परत केला. सगळी गोष्ट त्या 'च'मध्ये आहे, आणि मुलगा त्यावरून सरळ पुढे गेला, कारण त्याचं पुढचं वाक्य आधीच तयार होतं. याला तो एकटा दोषी नाही. दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा अवकाश सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच असतो, असं त्यात दिसलं. इतक्या कमी वेळात वाक्य जुळवता येत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. रोजच्या कामाच्या बोलण्यात हे चालून जातं, पण जिथे माणूस अवघड काही सांगू पाहतो तिथे त्याच्या वाक्याचा शेपटाकडचा भाग आपल्या हातून निसटतो.

आणि मराठीत नेमकं शेपटाकडेच सगळं असतं. च, ही, तरी, ना, म्हणे ही एकदोन अक्षरी अव्ययं ऐकायची सवय लावली तर निम्मं काम होतं. "आता *तेही* नाही" म्हणजे आधी आणखी काहीतरी गेलेलं आहे. "निदान गणपतीला *तरी*" म्हणजे मागणी मोठी होती आणि माणूस ती खाली आणतोय. "माझं काय, मी राहीन*च*" म्हणजे राहायचं नाही. असं अव्यय आलं की तिथेच थांबायचं आणि तोच शब्द प्रश्नाच्या सुरात परत द्यायचा : "म्हणूनच?" बस, एवढंच. 'पाऊस आहे म्हणूनच म्हणजे काय, नीट सांग' असं नाही. ते फर्मान होतं.

आई गप्प झाली ती जागाही बघण्यासारखी आहे. "तेव्हा बाबा होते" हे वाक्य मुलाने युक्तिवाद म्हणून टाकलं. आईसाठी तो युक्तिवाद नव्हता. पुढच्या दोन सेकंदांत कुणीच काही बोललं नसतं तर ती कदाचित बोलली असती. सुनेच्या प्रश्नाने ती जागा भरून गेली.

आधी कान, मग खोली

ऐकण्याच्या कौशल्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक थेट मनाकडे वळतात. ज्येष्ठ माणूस घरात असेल तर सुरुवात कानापासूनच करावी. वयानुसार येणारा बहिरेपणा आधी वरच्या पट्टीतले ध्वनी खातो. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ यांसारखी वाऱ्यासारखी व्यंजनं आधी विरतात. म्हणून अशा माणसाची तक्रार 'ऐकू येत नाही' अशी नसते, 'ऐकू येतं पण कळत नाही' अशी असते. 'साठ' म्हटलं की 'आठ' पोचतं. मग ते उत्तर चुकीचं देतात, आपण हसतो किंवा चिडतो, आणि हळूहळू ते विचारणंच सोडून देतात. 'हो हो' म्हणून मान हलवायला लागतात.

या आईची कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी झाली. डाव्या कानात मळाचा बोळा होता, तो तिथेच काढला. घरी हेअरपिन, काडी, कोमट तेल यांतलं काहीही करू नये. मळ आणखी आत सरकतो, पडद्याला इजा होऊ शकते. नंतरच्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीत, चार वारंवारतांची (५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ) सरासरी उजव्या कानात ४१ डेसिबल आणि डाव्यात ४८ डेसिबल आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ५० डेसिबलच्या आतली घट 'मध्यम' समजली जाते. म्हणजे शांत खोलीत, समोरासमोर, नेहमीच्या आवाजातही काही शब्द निसटणार. चार मीटरवरून, टीव्ही आणि एक्झॉस्टच्या आवाजात तर बरंचसं निसटणार. ऑडिओमेट्री जिल्हा रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही तपासणी आणि यंत्राचा सल्ला मिळतो.

श्रवणयंत्र मिळालं तरी पहिल्या दिवसापासून सोय होत नाही. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो. सुरुवातीला शांत घरात रोज दोन-तीन तास आणि मग वाढवत जाणं, ही रीत. सरावायला काही आठवडे लागतात. कितीतरी यंत्रं कपाटात जातात ती याच आठवड्यांत, कारण 'हे सुरुवातीला असंच होतं' हे कुणी सांगितलेलं नसतं.

खोलीतले बदल याहून स्वस्त आहेत. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे उतार थोडा कमी असतो, पण दिशा तीच. चार मीटरवरून एक मीटरवर आलं की न ओरडता खूप फरक पडतो. ओरडण्याने मात्र उलटं होतं. स्वर आणखी मोठे होतात, निसटलेली व्यंजनं तशीच राहतात, आणि चेहरा रागावलेला दिसतो. ऐकण्याची घट असलेल्या माणसाला बोलणं नीट कळायला ते आजूबाजूच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावं लागतं. म्हणून टीव्हीचा आवाज कमी करून भागत नाही, तो बंदच करायचा. या घरात खुर्ची उजव्या कानाच्या बाजूला, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर ठेवली. मुलाने खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, नाहीतर चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी शब्द बदलून म्हणायचं. 'साठ' नाही पोचलं तर 'पन्नास आणि दहा' पोचतं.

वीस मिनिटांची बैठक

मंगळवार आणि गुरुवार रात्री सव्वानऊ, भांडी आवरल्यावर. रविवारी सकाळी दहा. प्रत्येकी वीस मिनिटं, जास्त नाही. थकलेला कान आणि थकलेलं मन दोन्ही वीस मिनिटांनंतर ढिले पडतात. फोन दुसऱ्या खोलीत. उपडा करून टेबलावर ठेवलेला फोनही अर्धं लक्ष खातो.

समोरासमोर बसवून 'बोल आता' म्हटलं तर कोकणातली ७४ वर्षांची बाई बोलणार नाही. हाताला काम हवं. लसूण सोलणं, पावटे सोलणं, आमसुलं निवडणं, काहीही. इथे एक अडचण येते. हातातल्या कामाकडे नजर असली की बोलायला सोपं जातं, पण कान कमजोर असलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो. या घरात तोडगा असा निघाला : दोघं टेबलाच्या कोपऱ्याला लागून असलेल्या दोन बाजूंना काटकोनात बसतात. आई बोलत असते तेव्हा दोघांचे हात चालू, नजर परातीत. मुलाला बोलायचं असेल तेव्हा तो हात थांबवतो, मान वर करतो, आई वर बघेपर्यंत थांबतो आणि मग बोलतो. ही खूण तीन बैठकांत अंगवळणी पडली आणि तिचा अनपेक्षित फायदा झाला. बोलायला इतका खटाटोप असल्याने मुलगा विनाकारण मध्ये पडायचा बंद झाला.

मुलासाठी नियम मोजकेच. आईचं वाक्य संपल्यावर मनात एक-दोन-तीन मोजायचं. वीस मिनिटांत फार तर दोन प्रश्न, तेही 'का' सोडून. 'का' हा शब्द आपल्या घरांत जाब विचारण्यासाठी वापरला जातो. 'का गेलीस', 'का नाही सांगितलंस', ही आरोपपत्रं आहेत. 'काय', 'कसं', 'कधीपासून' या शब्दांनी माणूस सांगायला लागतो. वीसपैकी पाच मिनिटांहून जास्त मुलाचा आवाज असता कामा नये.

आणि हुंकार द्यायचा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, हे आपल्याकडे जुनं ज्ञान आहे. आजी गोष्ट सांगताना पोरांनी 'हं' म्हटलं नाही तर ती थांबायची, झोपली असतील म्हणून. पण हुंकारातही फरक आहे. सपाट, घाईचा 'हं हं हं' म्हणजे 'आवर लवकर'. शेवटी किंचित वर चढणारा एकच 'हं' म्हणजे 'पुढे?'. 'हो का!' आणि 'असं होय!' हे दोन्ही जपून वापरावेत, सुराच्या एका वळणाने ते कुजके होतात.

'तू काय म्हणालीस ते मी परत म्हणून दाखवतो' या तंत्राचं श्रेय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांना दिलं जातं. वादात पडलेल्या माणसांसाठी त्यांचा नियम साधा होता. समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडून दाखवा, त्याशिवाय स्वतःचं मत सांगायचं नाही. नियम सोन्यासारखा आहे, पण त्याची इंग्रजीतली ठरीव वाक्यं जशीच्या तशी मराठीत आणली की घरात ती परकी वाटतात. "तुला एकटं वाटतंय असं मला जाणवतंय" असं मुलगा पहिल्याच बैठकीत म्हणाला. आईने लसूण खाली ठेवला आणि विचारलं, "कुठे शिकून आलास हे?" आपल्याकडे हेच काम शेवटचा शब्द परत देऊन, किंवा "म्हणजे गावच्या घराची काळजी लागलीय तुला" अशा साध्या विधानाने होतं. चुकलं असेल तर आई "नाही रे, तसं नाही" म्हणून दुरुस्त करते. ती दुरुस्ती हाच फायदा.

कुठे बिघडलं

पहिली बैठक वाया गेली, कारण मुलगा चौकशी अधिकारी झाला. किती दिवस जायचं, कुणाबरोबर, जेवणाचं काय, गोळ्या कोण देणार. हे सगळे प्रश्न ठरवण्याच्या वेळचे आहेत. त्यानंतर कुटुंबाने एक गोष्ट पक्की केली आणि या प्रकरणात सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच झाला : ऐकायची बैठक आणि ठरवायची बैठक वेगवेगळ्या दिवशी. ऐकायच्या बैठकीत 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. मुलाने हे आईला पहिल्यांदाच उघड सांगितलं, "आज मी फक्त ऐकून घेतोय. जायचं की नाही ते आपण नंतर, वेगळ्या दिवशी बोलू." त्याच्या मानेवरचं ओझं उतरलं. ऐकलं म्हणजे कबूल केलं, ही भीती असेपर्यंत त्याचे कान उघडणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत आई कौलांबद्दल बोलायला लागली. वडील दरवर्षी वैशाखात उभे राहून घर शाकारून घ्यायचे. ते गेले त्या वर्षीची शाकारणी त्यांच्याच हातची. यंदा झाली नाही. माकडांनी पश्चिमेकडची कौलं फोडली आहेत, असा शेजारणीचा फोन ज्येष्ठातच आला होता. आईने ते मुलाला सांगितलंही होतं, मिक्सर चालू असताना. तो "हो हो, बघू" म्हणाला होता.

इथे मुलाने जे केलं ते कुठल्याही चांगल्या मुलाने केलं असतं. तो उठला, फोन आणला आणि गावातल्या सुताराला लावला. ताडपत्री टाकायला सांगितली, पैसे पाठवले. सात मिनिटांत प्रश्न सुटला. खुर्चीवर परत आला तेव्हा आई म्हणाली, "झालं ना मग." आणि झोपायला गेली.

उपाय चुकीचा नव्हता, वेळ चुकली. आई अजून कौलांपर्यंतच आली होती, कौलांखाली काय आहे तिथे पोचायची होती. अडचण ऐकली की ती सोडवायला धावणं हा प्रेमाचाच प्रकार आहे, म्हणून तो थांबवणं सगळ्यांत अवघड. यासाठी टेबलावर एक कागद ठेवला. 'सुताराला फोन' असं त्यावर लिहायचं, आईला दिसेल असं, आणि बसून राहायचं. लिहिलेलं दिसलं की सांगणाऱ्याला खात्री पटते आणि तो पुढे जातो.

"मला कळतंय गं" हे वाक्यही बंद करावं लागलं. ते सांत्वनासारखं वाटतं, पण पोचतं 'पुढे नको सांगूस' असं. "माझंही ऑफिसात असंच झालं" हेही तसंच. आणि सुनेने एका दुपारी सासूबाईंचं वाक्य शब्दशः परत म्हणून दाखवलं, "म्हणजे इथे तुम्हाला कुणी विचारत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला." शब्द बरोबर होते, सूर दमलेला होता. सासूबाईंनी तो टोमणा म्हणून घेतला. दमलेल्या माणसाने हे तंत्र वापरू नये. "आई, आत्ता नको, चहानंतर बसू या" हे जास्त प्रामाणिक, आणि चहानंतर मात्र खरंच बसायचं.

सगळ्यांत सहज ऐकलं ते नातवाने. त्याला नियम कुणी सांगितले नव्हते. रविवारी तो तिथेच डोसा खात होता. आई माळ्याबद्दल काहीतरी म्हणाली, त्याने विचारलं, "आजी, माळ्यावर काय काय आहे गं?" त्याला कुठेच पोचायचं नव्हतं.

काय बाहेर आलं

माळ्यावर पाट आहेत, तांब्याचं घंगाळ आहे, गणपतीची मखर आहे. आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात वडिलांची भजनाची वही. ते गावच्या भजनी मंडळात होते. शाईपेनाने लिहिलेली वही, कडा काळ्या पडलेल्या. शाई पाण्यात टिकत नाही. पाऊस आहे *म्हणूनच*.

इथे थांबून 'हेच खरं कारण' असं म्हणायचा मोह होतो. मुलालाही झाला. शेजारणीकडून वही खाली काढून घेतली की मिटलं, असं त्याला वाटलं. पण माणसाच्या मनात एकाच तळाशी एकच गोष्ट नसते. पुढच्या चार बैठकांत आणखी तीन गोष्टी आल्या. वर्षश्राद्ध गावी व्हायला हवं होतं आणि तिला कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी घरात गणपती आला नाही, यंदा आणायचा की नाही हेही कुणी काढलेलं नाही. आणि डोंबिवलीत तिच्या वाट्याला एकही काम नाही. "बस गं तू, आम्ही करतो," असं सगळे मायेने म्हणतात. पन्नास वर्षं घर चालवलेल्या बाईला त्यातून ऐकू येतं की तू पाहुणी आहेस.

यातलं काही मुलाला पटलं, काही पटलं नाही. वर्षश्राद्धाबद्दल त्याने चूक मान्य केली. सुट्टी नव्हती हे कारण त्याने सांगितलं नाही, आणि ते न सांगणं हीच त्या बैठकीतली मोठी गोष्ट.

ठरवायची बैठक श्रावणात झाली. आईला सहा महिने जायचं होतं, मुलाला एक आठवडाही नको होता. मधुमेह, एकटेपणा, लांबचा दवाखाना ही त्याची भीती खरीच होती. या वेळी उलट क्रमाने गेले. आधी मुलाने आईची बाजू मांडली, आई "हो, असंच" म्हणेपर्यंत. मग आईने मुलाची. "तुला वाटतं, मी रात्री पडले तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही," ती म्हणाली. मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर आकडे वीस मिनिटांत जुळले : गणपतीला सगळ्यांनी जायचं, आईने दसऱ्यापर्यंत तिथे राहायचं, रात्री शेजारणीच्या मुलीने सोबतीला यायचं, सकाळी आठला आणि रात्री नऊला फोन, श्रवणयंत्र फोनच्या वेळी कानात. पुढच्या वैशाखात शाकारणीला मुलगा स्वतः जाणार. मतभेद मिटला नाही. दसऱ्यानंतर परत यायला आई मनाने तयार नाही, ती तसं म्हणतेही. डोंबिवलीत असताना सकाळची भाजी आई ठरवते आणि निवडते. एवढा बदल मात्र लगेच झाला.

सुनेचं

या सगळ्यात एक माणूस कुणाच्याच मोजणीत नव्हता. मुलगा आठवड्याला तीनदा वीस मिनिटं ऐकत होता आणि त्याबद्दल नातेवाइकांत त्याचं कौतुकही झालं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या शिकवण्यांच्या मधले सहा-सात तास घरात सासू आणि सून दोघीच असायच्या. "इथे काही कमी पडतंय का तुम्हाला?" हा तिचा प्रश्न पहिल्या संध्याकाळपासून तिथेच होता. तो प्रश्न तिने विचारला होता, पण त्यात तिचंही काहीतरी सांगायचं होतं. घरात एकाचं ऐकायला सुरुवात केली की दुसऱ्याची रांग दिसायला लागते. ती आधीच धरून चालावी, आणि वेळ तशी वाटावी.

शनिवारी रात्री पंधरा मिनिटं गच्चीवर, फक्त नवरा-बायको. नियम तेच. पहिल्या शनिवारी पाच-सात मिनिटं ती शिकवणीच्या पोरांबद्दल, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलत राहिली. तो हुंकार देत राहिला. मग ती म्हणाली, "मला आठवड्यातून एक दुपार तरी घर रिकामं हवंय."

त्याने मनात तीनपर्यंत मोजलं.

"एक तरी?" तो म्हणाला.